कुठल्याही मशीनवर चालेल असं

अन्सार शिंप्याची मुलगी उमेरा भागवतभाऊंच्या सोयाबीन खरेदी केंद्रात कामाला लागली, तेव्हा शेलूबाजारात तिचं फार कौतुक झालं. तिने तिथल्या कॉम्प्युटरवर, लिनक्समध्ये, एक प्रोग्राम बनवला होता. कॅमेऱ्यासमोर मूठभर दाणे पसरले, की फुटके किती, डागी किती, ते पडद्यावर दिसायचं.

मग भागवतभाऊंनी इंझोरीत दुसरं केंद्र उघडलं. उद्घाटनाला गाव जमलं. उमेराने तिथल्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम टाकला आणि पडद्यावर एकच ओळ आली : लायब्ररी सापडत नाही.

"काहून? तुह्याच मशीनवर चालते का फक्त?" भागवतभाऊ सगळ्यांदेखत म्हणाले. "पोरीच्या हाती काम देलं का असंच होते." लोक हसले. उमेराला मान वर करवेना.

चूक तिचीच होती. प्रोग्रामला लागणाऱ्या लायब्रऱ्यांचा, म्हणजे तयार कोडच्या फायलींचा, पत्ता तिने आपल्या मशीनवरचा, 'उमेरा' नावाच्या फोल्डरपासूनचा, जसाच्या तसा लिहिला होता. इंझोरीत ते फोल्डर कुठून असणार? घरी येऊन तिने लायब्रऱ्या प्रोग्रामच्या शेजारीच ठेवल्या आणि त्याला सांगितलं, तू जिथे असशील तिथेच बाजूला बघ. पत्त्यात जिथे जिथे तिचं नाव होतं, तिथून तिने ते स्वतःच्या हाताने काढलं.

आता फोल्डर उचलून दुसऱ्या मशीनवर ठेवलं की झालं. भागवतभाऊंनी स्वतःच कॉपी करून पाहिलं. चाललं.

"मंग आता तुही गरज नाही लागत?"

"नाही भाऊ," ती हरखून म्हणाली, "कोनीबी करू शकते."

सोमवारी तिच्या खुर्चीत भाऊंची पुतणी नीलिमा बसलेली होती.

"भाऊ, मी काय करू?"

"तुहं काम तं झालं नं वं," भाऊ म्हणाले. "चाय पिऊन जाय."

ती चहा न पिताच निघाली.

पुढे कामाच्या शोधात ती मंगरूळपीरच्या एका व्यापाऱ्याकडे गेली. त्याच्या टेबलावर तिचाच प्रोग्राम चालू होता.

"हा मी बनवला," ती म्हणाली.

व्यापारी हसला. "भागवतच्या पुतणीनं बनवला. त्याच्यापासूनच इकत घेतला म्या. तुमी दाने पसराले येता का? तेवढी एक जागा खाली हाय."

अन्सारची नजर अधू झाली होती, त्याची शिलाई मशीन बंद पडून होती. उमेरा हो म्हणाली.

आता ती जीपने रोज मंगरूळपीरला जाते आणि कॅमेऱ्याखाली दाणे पसरते. पडद्याचं तोंड व्यापाऱ्याकडे असतं. कधी दाण्यांवर तिच्या हाताची सावली पडली, की तो डाफरतो, "हात काढ वं, त्याले दिसून नाही राह्यलं."