आत्याबाईची छपरीबंदी

आम्ही भावंडं एकत्र बसलो की आत्याबाईचा किस्सा निघतोच. आणि एक निघाला की धानाच्या पोत्याला भोक पडावं तसे बाकीचे मागून घरंगळत येतात!

सौंदडच्या आमच्या घरात मुलांना मारायची पद्धत नव्हती. बाबांची थोरली बहीण, विधवा आत्याबाई, घर चालवायची. तिची शिक्षा एकच, छपरीबंदी. शाळा सोडून कुठ्ठे जायचं नाही, घरासमोरच्या छपरीत बसायचं. कधीपर्यंत? ते तिच्या मनावर!

मोठा भाऊ गणपत आगगाडी पाहायला सारखा स्टेशनवर पळायचा. त्याला बसवलं छपरीत. झालं, त्याची सगळी टोळी गोट्या घेऊन तिथेच हजर! दुपारभर असा कल्ला की आत्याबाईला डोळा लागेना. शेवटी तीच ओरडली, "गनप्या, शिक्षा तुले हाये का मले? जा बाप्पा स्टेशनावर!"

धाकटा नामदेव महाबिलंदर. "छपरीच्या खाली उतरशील तं पाहा," असं बजावलं, तर हा शिडी लावून कौलांवर जाऊन बसला!

"उतरलो कुठं? चढलो!"

आत्याबाईनं शांतपणे शिडी काढून घेतली. "चढलाच हायेस तं फुटके कवेलू बदलून टाक. मंग शिडी भेटंल."

गोंदियाचा मावसभाऊ सुट्टीत आला, तो शहरी ऐटीत. गल्लीत दगड मारताना सापडला. म्हणाला, "हम तो मेहमान हैं!"

"म्हनून तं छपरीत चटई टाकली," आत्याबाई म्हणाली.

बाबाही सुटले नाहीत! ऐन धानकापणीत घरी न सांगता दंडारीचं नाटक पाहायला गेले, ते उजाडल्यावर परतले. "बस छपरीत!" पिळदार मिशांचे आमचे बाबा, मुकाट्यानं बसले. रस्त्यानं जाणारा विचारायचा, "काऊन बसून राहिले जी?"

"हवा खाऊन राहिलो."

आतून आवाज यायचा, "हवा नाही, शिक्षा खाऊन राहिला!"

आणि माझा किस्सा. मी चौथी पास झाले आणि लगेच मला पाहायला पाहुणे आले. बाबांनी अर्धा होकार आधीच देऊन टाकलेला. मला पुढे शिकायचं होतं, पण विचारतो कोण? मान खाली घालून चटईवर बसले होते.

मुलाचे वडील म्हणाले, "पोरगी पसंत हाये. याच उन्हाळ्यात घेऊन जाऊ."

बाबांनी तबकातली सुपारी उचलली. तेवढ्यात आत्याबाई दारात आली.

"नेता येत नाही जी. पोरीले छपरीबंदी हाये."

"कायले?"

"काल बोडीत पोहायले गेली होती."

मी तर काल घराबाहेर पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं!

पाहुणे हसले. "बरं बाई, मंग शिक्षा सरते कधी?"

"सातवीची फायनल पास झाली म्हंजे!"

बाबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि सुपारी हळूच परत तबकात ठेवली.