पिठावरचं छत

दार्का मिखालचुकला कुणी जेवायला बोलावलं, तर ती उंबऱ्यात पाय ठेवताच आधी छताकडे बघते आणि मग यजमानाकडे. तिच्या धंद्यानेच तिला ही खोड लावली. कॅनडातल्या विनिपेगमधलं जुनं घर पाडायचं किंवा नव्याने सजवायचं असेल, तर त्याच्या भिंतीत, फरशीत, छतात ॲस्बेस्टॉस आहे का हे ती तपासते. पाण्याचा फवारा मारायचा, चिमूटभर तुकडा काढायचा, पिशवीत बंद करून प्रयोगशाळेत पाठवायचा. काम चिमटीएवढं, पण त्याने बाईची झोप उडवली आहे. भाचीच्या लग्नात ही नवरीकडे बघायचं सोडून वरच्या पाइपांना गुंडाळलेल्या पांढऱ्या थराकडे डोळे लावून बसली होती. नवरा याच कारणाने सोडून गेला असं तिची आई म्हणते. दार्का म्हणते, त्याच्याकडे इतरही कारणं होती.

त्या वसंतात तिच्याच युक्रेनी चर्चच्या हॉलचं छत खरवडायचं ठरलं. दाणेदार गिलाव्याचं जुनं छत, कळकटलेलं. मजूर कशाला लावायचे, शनिवारी आपलीच माणसं जमून उरकून टाकतील, ही इथली रीत. म्होरक्या मेथोडी काका, दार्काच्या वडिलांचा धाकटा भाऊ. वय ऐंशीकडे झुकलेलं आणि स्वभाव कुणाच्या बापाचं न ऐकणारा. तपासल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही असं दार्काने बजावलं, तेव्हा तो खवळलाच.

“तुझ्या तपासणीने कधी कुणाचं भलं झालंय?”

“तुमचं होईल काका. ती धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही.”

“मी जन्मभर पाइप ओढतोय. तिथं आता धुळीला जागा नाही!”

नमुने घ्यायला ती गेली, तो नेमका पिरोहीचा दिवस. आत बटाटा भरून उकडलेल्या या करंज्यांवरच चर्चचा निम्मा खर्च निघतो. स्वयंपाकघराकडच्या टेबलांवर पिठाचे गोळे ओल्या फडक्याखाली विसावले होते आणि त्यांच्यावर स्तेफा मावशीचा पहारा होता.

“शिडी घेऊन इकडे आलीस तर लाटणं घालीन डोक्यात. पीठ विसावतंय!”

“मावशी, पटकन होईल. पीठ जरा उचला ना.”

“उचलू? आज? अगं, छत सगळं एकच ना? रंग तोच, दाणे तेच. रंगमंचाकडचं काढ की कुठलं काढायचं ते.”

बड्या बड्या ठेकेदारांना दटावणारी दार्का त्या पिठापुढे मात्र नमली. या मंडळीत वाढलेल्या कुणालाही विचारा, पिरोहीच्या दिवशी पीठ हलवा असं दुसऱ्यांदा म्हणायची कुणाची छाती नाही. तिने सगळे नमुने रंगमंचाकडूनच घेतले. निकाल आला, छत निर्धोक. मेथोडी काका तो कागद खिशात घालून गावभर मिरवला.

शुक्रवारी संध्याकाळी दार्का आईकडे जेवायला गेली. ओल्हाबाई, तिची आई, बीटचं सूप वाढता वाढता सहज म्हणाली, “रंगमंचाकडचं का घेतलंस? ते तर मागाहूनचं.”

दार्काचा चमचा हातातच राहिला. “मागाहूनचं म्हणजे?”

“ख्रिसमस नव्या पंचांगाने डिसेंबरात करायचा की जुन्याने जानेवारीत, यावरून भांडण नव्हतं का झालं? गिलावा मारणारा वासिल जानेवारीवाला. रागाच्या भरात अर्धं छत तसंच टाकून मशीन उचलून गेला. उरलेलं कितीतरी वर्षांनी तुझ्या बाबांनी दुसऱ्याकडून करून घेतलं. सगळ्यांना माहीत आहे.”

“मला कुणी सांगितलं?”

“तू विचारलंस?”

विचारणं हेच तर तिचं काम होतं. स्वयंपाकघराकडचं छत त्या जुन्या काळातलं, जेव्हा गिलाव्यात ॲस्बेस्टॉस सर्रास मिसळत. तिने काकाला फोन लावला, लावतच राहिली. काका कानातलं यंत्र काढून झोपला की त्याला ढगांचा गडगडाटही ऐकू येत नाही.

सकाळी ती गाडी घेऊन निघाली, तर रेल्वेच्या फाटकावर मालगाडी आडवी आली. डबे संपता संपेनात. सगळी म्हातारी माणसं कोरडं छत खरवडतायत, मास्क कुणालाच नाही, कारण दार्काने लिहून दिलंय, हे तिला समोर दिसत होतं. तिने हॉर्न वाजवला. मालगाडीला हॉर्न वाजवणारी बाई बघून शेजारच्या गाडीतला माणूस हसला. तिला त्याला मारावंसं वाटलं.

हॉलमध्ये ती धापा टाकत शिरली. माणसं हातात खरवडण्या घेऊन कंटाळून उभी होती. छत जसंच्या तसं. फादरना उशीर झाला होता आणि त्यांनी पवित्र पाणी शिंपडल्याशिवाय इथं कुणी कामाला हात घालत नाही.

“आल्या बघा साहेबीणबाई!” काका ओरडला. “फादर नाही मिळाले, तूच शिंपड पाणी!”

“काका, खाली ठेवा ते सगळं. माझं चुकलं. मी अर्धंच छत तपासलं.”

खिशातला तो कागद काकाने तिच्यापुढे धरला, मग स्वतःच फाडला. त्याच्यापुढे तिला एवढी शरम कधीच वाटली नव्हती. तिने फवारा काढला, मास्क चढवला आणि स्वयंपाकघराकडे शिडी लावली.

निकाल यायचा होता तोवर तिला अन्न गोड लागलं नाही. तो आला. त्या अर्ध्या छतात ॲस्बेस्टॉस होतं, भरपूर होतं. हॉलला कुलूप लागलं. बायका स्तेफा मावशीच्या घरी पिरोही करत बसल्या होत्या. तिची आईही तिथेच होती. दार्का तिथे सांगायला गेली.

“म्हणजे आम्ही इतकी वर्षं त्याच्याखाली...” स्तेफा मावशीने लाटणं खाली ठेवलं.

“घाबरू नका. हात लावला नाही, खरवडलं नाही, तर ते वरच राहतं. काही करत नाही.” हे वाक्य तिने असंख्य घरांत म्हटलं होतं.

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

“ईस्टरच्या आधी ते छत झाडायचो की आपण,” मावशी हळूच म्हणाली. “दरवर्षी. जळमटं काढायला, झाडूला फडकं बांधून. शिडीवर कायम तुझी आई, उंच म्हणून. आणि खाली शिडी धरायला तू. दाणे पडायचे तर बर्फ पडलं म्हणून जीभ काढून उभी राहायचीस. आठवतं?”

दार्काला आठवलं. त्या दाण्यांना खडूसारखी चव होती.

“मी दटावायची तुला,” आई म्हणाली. “शिडी हलते म्हणून.” तिने पुढची पिरोही उचलली, तिची कड दाबली, आणि ती पुन्हा पुन्हा दाबतच राहिली.