मोकळी खोली आणि मंदाचा फोटो

हे मी कुणालाही सांगणार नव्हतो. पण आमच्या लेआउटमधल्या घराघराला ठाऊक झालंय, सावनेरला मेहुणीच्या सासरपर्यंत गेलंय, मग तुमच्यापासून काय लपवायचं? घ्या, चहा घ्या आणि ऐका माझा मूर्खपणा.

झालं असं, की मी रिटायर झालो. मुलगी लग्न करून बेंगळुरूला गेली. घरात उरलो मी आणि माझी बायको मंदा. आणि उरला समोरच्या खोलीतला पसारा! शोकेस, त्यात मान हलवणारी बाहुली, न वाजणारा रेडिओ, लोखंडी खुर्च्या आणि एक दिवाण. दिवाण कसला, रणगाडा! बसलं की कुरकुर, उठलं की कुरकुर. वाटायचं, आता उरलेलं आयुष्य ह्याच खोलीत, हीच कुरकुर ऐकत संपणार.

काही बदलू म्हटलं की मंदा म्हणायची, "काहून? काय वाईट आहे ह्याच्यात?"

संपला विषय!

अशात मला मोबाइलवर एक बाई भेटल्या. व्हिडिओत हो! गोड आवाजात म्हणाल्या, घर बदला, आयुष्य बदलेल. खोली रिकामी करा, जमिनीवर बसा, पांढरे स्वच्छ कपडे घाला, उदबत्ती लावा. आणि खोलीत एकच वस्तू ठेवा, मनाच्या सगळ्यात जवळची.

मंदा बहिणीकडे सावनेरला गेली आणि मी कामाला लागलो.

कुही गावच्या माझ्या चुलतभावाला दिवाण हवाच होता. टेम्पो आला, चार माणसांनी दिवाण उचलला. वाटेत धूळ बसू नये म्हणून मी वरून पांढरी चादर टाकली आणि दोरीनं आवळून बांधली. खुर्च्या, शोकेस अंगणात काढली. खोली धुतली, सतरंजी अंथरली. आंघोळ करून पांढरा कुर्ता-पायजामा घातला, उदबत्ती लावली. आता मनाच्या सगळ्यात जवळची वस्तू कोणती? खोटं नाही सांगत, मला मंदाचाच फोटो आठवला. छोट्या स्टुलावर ठेवला. पुढे मोगऱ्याची फुलं ठेवली.

आलं ना तुमच्या लक्षात? माझ्या नाही आलं! मी आपला भिंतीला टेकून, डोळे मिटून बसलो. काय शांत वाटत होतं म्हणून सांगू!

डोळे उघडले तर दारात समोरचे बोंडेभाऊ आणि बोंडेवहिनी. चपला बाहेर काढलेल्या, माना खाली. वहिनींचा पदर तोंडाला. सकाळी टेम्पो भरला तेव्हा त्या गॅलरीत उभ्या होत्या, हे मला मागाहून कळलं.

"कधी झालं भाऊ?" बोंडेभाऊंनी हळूच विचारलं.

"आज सकाळीच."

"आम्हाले आवाज बी नाही दिला?"

"तुम्हाले कायले त्रास? चार माणसं सांगितली होती. उचललं अन् नेलं. पण जड होतं हो! दारातून निघेच ना. आडवं केलं, तिरपं केलं, एकानं मागून ढकललं, तेव्हा कुठं निघालं."

वहिनींनी दाराची चौकट घट्ट धरली.

"पण एकदम असं कसं झालं?"

"एकदम कुठं? महिनाभरापासून डोक्यात होतं."

"डोक्यात? मंग डॉक्टरले नाही दाखवलं?"

मला वाटलं, बोंडेभाऊ चेष्टा करून राहिले. मी हसलो. हो, हसलो मी!

"डॉक्टर काय करन त्याले? इतके वर्षं कुरकुर ऐकली. आता पाहा, कसं मोकळं मोकळं वाटून राहिलं!"

"पोरीले कळवलं?" वहिनींचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"फोटो पाठवला ना! लय खूश झाली. म्हणे, बाबा, हे तुम्ही आधीच करायले पाह्यजे होतं."

वहिनी तडक वळल्या आणि गेल्या. म्हटलं, ह्यांना आवडली नाही वाटतं खोली. अर्ध्या तासात बघतो तर काय, गल्लीतली माणसं एकेक करून यायला लागली! येणारा फोटोला हात जोडतो, सतरंजीवर बसतो, गप्प. मला गहिवरून आलं. एक खोली रिकामी केली तर लोकांवर केवढा परिणाम!

मी सगळ्यांना चहा विचारला. सगळे दचकून "नको, नको" म्हणाले. वहिनी परत आल्या त्या डबा घेऊन.

"पिठलं-भात आहे. आज घरी गॅस नका पेटवू."

केवढा हा जिव्हाळा! आता एवढी मंडळी जमलीच आहेत तर चार शब्द बोलावेत म्हणून मी घसा साफ केला.

"जुन्याले किती दिवस धरून बसायचं सांगा? बदल करूनच घ्यावा लागते. मी तं इतवारीत नवी पाहून बी ठेवली. मऊ आहे, नाजूक आहे. उद्याच घेऊन येतो घरी."

इतवारीच्या बाजारातल्या गादीबद्दल बोलत होतो हो मी! खाली बसायचं म्हणजे गादी नको? पण 'गादी' हा शब्दच तेवढा तोंडातून निघाला नाही.

बोंडेभाऊ ताडकन उठले. "उद्या? अरे, तेरवी तं होऊ द्या गा!"

"तेरवी? कोणाची तेरवी?"

कुणी काही बोलायच्या आत फाटकाशी ऑटो थांबला. मंदा! यायची होती संध्याकाळी, आली दुपारीच. तिनं काय पाहिलं असेल? अंगणात काढलेलं सामान, दारात चपलांचा ढीग, आत गप्प बसलेली माणसं. हातातली पिशवी तिथंच पडली.

"अवं माय वं! मले एकटीले टाकून गेले वं!"

आतल्या सगळ्यांनी आधी फोटोकडे पाहिलं, मग दाराकडे. बोंडेवहिनी किंचाळून स्वयंपाकघरात पळाल्या. मी "मंदे, मंदे" करत बाहेर धावलो, तर पांढऱ्या कपड्यात मला धावत येताना पाहून ती वहिनींच्या दुप्पट किंचाळली!

मी जिवंत आहे हे तिला पटवायला तिच्याच हातून चिमटा घ्यावा लागला. तोही तिनं काही हळू घेतला नाही.

"मंग मेलं कोण?" तिनं डोळे पुसत विचारलं.

बोंडेभाऊंनी मान खाली घातली आणि बोट तिच्याकडेच केलं.

मंदा आत आली. फोटो पाहिला, फुलं पाहिली, उदबत्ती पाहिली. मी दिवाण, टेम्पो, व्हिडिओतली बाई, गादी, सगळं एका दमात सांगून टाकलं. तोवर वहिनीही बाहेर आल्या होत्या. त्यांनी आपली बाजू सांगितली, एक शब्द न गाळता. इतवारीतलीसुद्धा!

मंदानं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "हे रडले काय वं माझ्यासाठी?"

"नाही मंदाताई," वहिनी म्हणाल्या. "चहा विचारून राहिले होते."

माणसं हळूहळू उठून गेली. मंदा सतरंजीवर पाय पसरून बसली आणि खोलीभर नजर फिरवू लागली. अशा वेळी शहाण्या माणसानं गप्प राहायला हवं की नाही? मी विचारलं, "कशी वाटते खोली?"

"चांगली आहे," ती म्हणाली. "मोकळी वाटून राहिली. राहू द्या अशीच. फक्त तो फोटो काढा. तिथं तुमचा लावा."

लावलाय. आता नवा माणूस घरी आला की आधी फोटोकडे पाहतो, मग माझ्याकडे पाहतो, आणि हळूच चपला शोधायला लागतो.