टकलाचं खापर

लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी माझे कपाळावरचे केस मागे सरायला लागले आणि आईने त्याचं खापर बायकोच्या स्वयंपाकावर फोडलं. "हिच्या हातचं खाऊनच पोराले टक्कल पडून राहिलं," असं ती मरोदा वसाहतीतल्या आमच्या क्वार्टरमध्ये शेजारणींना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायची. बायको भांडी आदळायची. मी खाली मान घालून जेवायचो.

शेवटी बायकोच मला दुर्गला त्वचेच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. आईलाही तिने मुद्दाम सोबत घेतलं. डॉक्टरांनी हिंदीत समजावलं की खाण्यात लोह, प्रथिनं फारच कमी पडली तर केस गळतात, पण माझं तसं नाही. माझ्या केसांच्या मुळांना पुरुषी हार्मोन सोसत नाही आणि हे घराण्यातून येतं. मग त्यांनी विचारलं, "मामा लोग गंजे हैं क्या?"

माझ्या सगळ्या मामांना टक्कल आहे. आई उठून बाहेर गेली.

घरात पाय ठेवताच बायको म्हणाली, "आता सांगा, यांच्या मामांनी कोणाच्या हातचं खाल्लं होतं?"

"माह्या माहेराचं नाव काढू नको," आई ओरडली. "डॉक्टरले तूच पढवलं!"

त्याच आठवड्यात आईने स्वतःची शेगडी वेगळी मांडली. मला दोन्हीकडे जेवावं लागतं आणि दोघीही माझ्याशी धड बोलत नाहीत.