सत्तारचाचांची सुरगाठ

सत्तारचाचांच्या नावेत बसायचं तर आधी दोरी ओढावी लागे. ट्रॅक्टरच्या दोन फुगवलेल्या ट्यूब आणि त्यांवर बांबूच्या कामट्या, असा एक तराफा त्यांनी नावेच्या कडेला सुरगाठीनं बांधलेला असे. दोरी ओढली की तो धपकन पाण्यात पडे. चाचा म्हणत, "बराबर." मग तराफा वर घेऊन पुन्हा बांधत आणि पुढच्याला सांगत, "ओढा. बिलकुल लाजू नका. ओढल्याबिगर नाव सुटणार न्हाई."

गोदावरीच्या आमच्या घाटावर नावा दोनच, त्यांची आणि माझी. माझी नवी, पत्र्याची, इंजिनाची. त्यांची लाकडी, वल्ह्याची. तरी अंबडच्या बाजाराला येणारी पलीकडची माणसं उन्हात त्यांच्यासाठी ताटकळत, आणि माझी नाव अर्धी रिकामी सुटे. माझ्या पोटात दुखायचं. त्यात माझी बायको सुनंदासुद्धा माहेरी जाताना त्यांच्याच नावेत बसे. विचारलं तर म्हणाली, "तुमच्या नावेत भ्या वाटतं. चाचाच्या न्हाई वाटत."

मग मीही तराफा केला. चाचांच्या दोन ट्यूब, तर माझ्या चार, वर निळा रंग. कोणी चोरू नये म्हणून नायलॉनच्या दोरीनं तीन निरगाठी मारल्या. चाचा मुद्दाम बघायला आले, गाठी चाचपल्या.

"भास्कर, चोरासाठी चांगली बांधलीस. आता एक बुडणाऱ्यासाठी बांध."

"चाचा, तुमी नाव चालवून राह्यले का शाळा?" मी म्हणालो. ते हसले. त्या हसण्यानं मी आणखी जळलो.

भाच्याच्या बारशाला मी सुनंदाला हट्टानं माझ्याच नावेत बसवलं. बरोबर तीन बायामाणसं होती. बंधाऱ्याच्या फुगवट्यात बुडालेलं बाभळीचं खोड लागलं आणि तळाचा पत्रा फाटला. मी तराफ्याकडे धावलो. निरगाठी सुटेनात. नखं लावली, दात लावले. सुनंदा कमरेपर्यंत पाण्यात होती आणि माझ्या हातांकडे बघत होती. ते बघणं मी विसरलेलो नाही.

तेवढ्यात समोरून चाचांची नाव आली. त्यांचे दोन्ही हात वल्ह्यावर होते, पण नावेतल्या एका म्हातारीनं कुणी न सांगता दोरी ओढली. वर्षानुवर्षं ओढतच आली होती ती. चाचांनी वल्ह्यानं तराफा आमच्याकडे ढकलला. आम्ही पाचही जण त्याला धरून काठाला लागलो.

काठावर चाचांनी एवढंच विचारलं, "इंजिन गेलं का रे?" त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

पुढे गुडघे गेल्यावर ते लेकीकडे मंठ्याला राहायला गेले. जाताना तराफा दिला, पण मला नाही, सुनंदाला. "पोरी, हा तुझ्यापाशी ठेव. हवा जल्दी उतरती, सकाळी बघत जा." गेल्या वर्षी ते तिकडेच वारले.

तो तराफा आता माझ्या दुरुस्त केलेल्या नावेवर असतो. रोज सकाळी मी हवा बघतो. चढणारा प्रत्येक जण दोरी ओढतो, सुनंदाही ओढते. एकदा मी म्हणालो, "आता तरी भरवसा ठेव."

"ठेवला म्हणून तर बसून राह्यले," ती म्हणाली आणि दोरी ओढलीच. तराफा पाण्यात पडला. ती समाधानानं म्हणाली, "बराबर."

मेलेल्या माणसाचा मत्सर करू नये म्हणतात. मी करतो. तराफा वर ओढून घेतो आणि पुन्हा बांधतो, सुरगाठीनं.