दोन मिनिटं शांतता, पण कुणासाठी?

आता माझ्या शहाणपणाची काय गंमत सांगू तुम्हाला! रत्नागिरीतल्या आमच्या सोसायटीत ख्रिश्चन घर आमचं एकच. आणि यंदा पंधरा ऑगस्टच्या झेंडावंदनाला माईक नेमका माझ्या हातात!

त्याच दिवशी आमचा मारियामातेचा सण. सकाळी चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला फादर म्हणाले, "स्वातंत्र्यासाठी देवाचे आभार माना. पण फाळणीत दोन्हीकडची माणसं मारली गेली, त्यांच्यासाठीही प्रार्थना करा." मला अगदी पटलं. ज्या दिवशी जिलबी वाटायची, त्या दिवशी घटकाभर रडायलाही हवं, नाही का?

"सोसायटीत सांगतोच," मी बायकोला म्हटलं.

"सांगा की. धीर होईल ना?" लूसी म्हणाली.

"म्हणजे काय!"

राष्ट्रगीत झालं. मी माईक घेतला आणि समोरचे चेहरे बघितले. 'यांना बरी आजच तिकडची माणसं आठवली,' असं कुणी म्हणालं तर? मग नुसतंच म्हणालो, "जे गेले, त्यांच्यासाठी दोन मिनिटं शांत उभे राहूया."

डोळे मिटतील तर शपथ! जो तो मान वळवून बघतोय, कोण कमी आहे?

"कोण गेलं गो?" मागे कुजबुज.

"परांजपे काका दिसत नाहीत!"

काका पोफळीच्या वीजघरातून निवृत्त झालेले, दरवर्षी पहिल्या रांगेत. त्यात आठवडाभर तापाने पडून. झालं! जोशीवहिनींनी डोळ्यांना पदर लावला. सेक्रेटरींनी जिलबीचा बॉक्स खुर्चीखाली सरकवला. कुणीतरी माझ्या कानात म्हणालं, "काका गेले."

शांतता कशासाठी, ते मला एकट्याला ठाऊक. तरी मलाच पहिला हुंदका! वाटलं, देवानेच माझ्या तोंडून वदवलं. क्रूसाची खूण करत सगळ्यांच्या पुढे जिना चढलो.

दार काकांनीच उघडलं. गळ्यात मफलर, हातात पेजेची वाटी.

"काय रे, सगळे वर?"

"काका, तुम्ही... गेलात ना?"

"कोणी सांगितलंन?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मग काय, तिथेच जिन्यात सांगावं लागलं. फाळणी, दोन्हीकडची माणसं, सगळं.

कुणी रागावलं नाही हो! काकांनी वाटी ठेवली, चौकटीला धरून ताठ झाले. "मग आता नीट उभे राहूया की," म्हणाले. त्या अरुंद जिन्यात खरीखुरी दोन मिनिटं झाली. जोशीवहिनी पुन्हा रडल्या. मलाही फार भरून आलं, आणि लाजही वाटली. याच माणसांना मी घाबरलो होतो!

"हे खालीच का नाही बोललास?" काकांनी विचारलं.

उत्तर लूसीने दिलं.

"काका, खरं बोलण्यापेक्षा ह्यांना तुम्हाला मारणं सोपं वाटलं!"