लोखंडी पाहुण्याची शिदोरी

माझ्या आवडीचा पिक्चर परत नव्यानं काढलाय, असं भाचीनं फोनवर सांगितलं तेव्हा मी आळंदच्या बाजारात तुरीच्या पोत्यांना टेकून बसलो होतो. माझं डोकंच फिरलं. कामून? पहिल्यात काय खोट होती? टम्म फुगलेली भाकरी काढून घेतल्यावर तीच परत तव्यावर टाकायला कुणी सांगितलं होतं? भाची हसायला लागली. "मामा, आधी बघून तर घ्या, मग शिव्या घाला," म्हणाली. मी रागानं फोन ठेवला आणि लगेच परत लावून विचारलं, कलबुर्गीत कुठल्या टॉकीजला लागलाय. राग होता, पण राहवतही नव्हतं.

मी लहान असताना आमच्या खजुरी गावात हा पिक्चर आला होता तोच मुळी चुकून. जत्रेसाठी आळंदहून टीव्ही आणि व्हिडिओ भाड्यानं आणला, सोबत देवाचा पिक्चर मागितला. आमच्या तुरीच्या गोदामात दारं लावून अंधार केला, पोत्यांवर निम्मं गाव बसलं, देव येणार म्हणून टीव्हीपुढं उदबत्ती लावली. आणि आभाळातून आला तो लोखंडाचा माणूस. बोलणं सगळं इंग्रजी. कॅसेट बदलायला परत आळंदला कोण जाणार? घरात इंग्रजीचं पुस्तक असलेली गावात एकटी माझी अक्का, दहावीला होती. लोकांनी तिला टीव्हीशेजारी उभं केलं आणि म्हणाले, सांग.

अक्कानं सांगितलं. आधी मराठीत, मग शेजारच्यांसाठी कन्नडमध्ये, मध्येच ठसक्यात दखनी. लोखंडी माणूस एका विधवेच्या शेतात येऊन पडतो. बाई त्याला हाकलत नाही, कामाला लावते. तो नांगर ओढतो, विहिरीतला गाळ काढतो. शिपाई मागावर असतात, तर बाई त्याला कडब्यात लपवते. शेवटी त्याला न्यायला आभाळातून यान उतरतं आणि बाई डोळे पुसत कापडात बांधलेलं एक गाठोडं त्याच्या हातात देते. पडद्यावरची बाई दोनच शब्द बोलली, अक्का मात्र बराच वेळ बोलली. "वाट लांबची हाय बाबा. कडक भाकऱ्या बांधल्यात, वर शेंगाची चटणी हाय. उपाशी जाऊ नको." आमच्याकडं परगावी निघालेल्या माणसाला असं मोकळ्या हातानं कुणी सोडत नाही, आणि कडक भाकरी महिनाभर टिकते, तेव्हा आभाळात न्यायला तीच बरी. गोदामातल्या बायका पदरानं डोळे पुसायला लागल्या.

यान वर गेलं आणि पिक्चर संपला. कॅसेट संपली नव्हती. पुढं कुणीतरी लग्नाचं शूटिंग भरून ठेवलं होतं, नवऱ्याला हळद लागत होती. माझी आई समाधानानं म्हणाली, "बघा, घरी पोचला न्हाई तवर लग्न बी लावून दिलं." सगळे पोट धरून हसले. मला मात्र ते मनापासून पटलं. पुढं धंद्यात मार बसला, पाऊस रुसला, पोरगी लग्न होऊन लांब गेली, की मी लोखंड्याला आठवायचो. एवढ्या लांबचा गडी घरी पोचला, मग आपलं काय अडलंय? हसा हवं तर, पण त्यानं मला फार आधार दिला.

म्हणून नव्या पिक्चरची मला भीती एकच होती. आजकालच्या लोकांना काही झाकून ठेवता येत नाही. हे लोक गाठोडं उघडून दाखवतील आणि आत भाकरी नसेल.

कलबुर्गीत अक्का सासरी असते. ती, तिची लेक म्हणजे ही भाची आणि मी, तिघं दुपारच्या खेळाला गेलो. पिक्चर हिंदीत केलेला. नवा लोखंड्या घासलेल्या तांब्यासारखा चकचकीत. "हा काय राबणार?" मी अक्काच्या कानात म्हणालो. पण ढोंग कशाला करू? तो आभाळातून पडला तेव्हा खुर्ची हादरली, अंगावर काटा आला आणि मी चक्क टाळ्या वाजवल्या. भाचीनं माझ्याकडं तिरकं बघितलं. मी हात मांडीखाली दाबून बसलो. थोड्या वेळानं ते परत बाहेर आले.

मग गाठोडं आलं. बाईनं डोळे पुसले, त्याच्या हातात दिलं. यान वर चढलं, ढगांच्या पार गेलं आणि फुटलं. गाठोड्यात बॉम्ब होता. शिपायांनी बाईच्या गळ्यात घातलेलं ते काम होतं. मी उभाच राहिलो. "हे साफ खोटं हाय," मी मोठ्यानं म्हणालो. मागून कुणीतरी म्हणालं, "बसा ओ काका." मी बसलो.

बाहेर चहाच्या गाड्यावर मी तोंडाचा पट्टा सोडला. नालायकांनी शेवट बदलला, पाहुण्याचा जीव घेतला, यांना आईबाप हायत का न्हाई. भाची फोनमध्ये बोट फिरवत होती. "मामा, जुन्यात पण हाच शेवट हाय," ती हळूच म्हणाली. "तुमच्या कॅसेटवर तेवढ्या जागेवर लग्न भरलं होतं."

मी अक्काकडं बघितलं. ती बशीत चहा ओतून फुंकर घालत होती.

"तुला ठाऊक होतं?"

"बॉम्ब म्हंजे काय ते मला तवाबी कळत होतं," अक्का म्हणाली. "शिपाई बाईला बॉम्बच म्हनला. पर रानात एवढं राबलेल्या पाव्हण्याला कुणी असं वाटंला लावतंय व्हय रे? माझी जीभच वळली न्हाई. आनि तू पुढंच बसला होतास, तोंड उघडं टाकून."

ज्या पिक्चरसाठी मी जगाशी भांडायला निघालो होतो तो जगात कुणी काढलाच नव्हता. तो अक्कानं काढला होता, आमच्या गोदामात, उभ्याउभ्या. मला आधी रडू आलं आणि मग इतकं हसू फुटलं की चहा सदऱ्यावर सांडला. अक्का म्हणाली, "नीट पी की."

पुढच्या रविवारी आम्ही खजुरीला जमलो. भाचीनं जुना पिक्चर शोधून टीव्हीवर लावला, शेवटासकट. मी आवाज पार बंद केला आणि अक्काला म्हणालो, सांग. गुडघे धरत ती टीव्हीशेजारी उभी राहिली आणि सुरू झाली. नांगर आला, कडबा आला. खाटेवर पडलेली माझी म्हातारी आई टक लावून बघत होती. गाठोडं आलं, भाकऱ्या बांधून झाल्या. भाचीनं पिक्चर थांबवायला रिमोट उचलला.

"चालू दे," अक्का म्हणाली.

यान वर गेलं. आभाळभर लालपिवळा उजेड फुटला, ठिणग्या पडायला लागल्या. मी टीव्हीकडं न बघता अक्काच्या तोंडाकडं बघत होतो.

"पोचला," अक्का म्हणाली. "घरचे फटाके उडवायलेत बघा."

आईनं उशीवरची मान हलवली. "उडवतीलच की," ती म्हणाली. "लग्न न्हाई का त्याचं."